भिंत गुळगुळीत मानावी

प्रश्न तिसरा, गुण सात.
पाच मीटरची शिडी भिंतीला टेकली आहे.
भिंत गुळगुळीत मानावी. शिडीचं वजन नगण्य मानावं.
सत्तर किलोचा माणूस किती वर चढला
की शिडी सरकेल?

उर्विश मोहितेनं लिहिलंय: बारा.
(नाव इथलं, आडनाव आमचं, बडोद्याची रीत.)
बारा काय? बारा आंबे? बारा वाजले?
दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी वर्गात ओरडते,
एकक नसलेला आकडा म्हणजे
पत्ता विचारल्यावर नुसतंच
"तिथे" म्हणणारा माणूस.
लाल पेनानं गोल. एकक?

खिडकीखाली दांडिया बाजार पेंगतोय.
समोरच्या फरसाणवाल्याच्या दुकानाला
शिडी लागली आहे, बांबूची.
वजन नगण्य नाही. दोघांनी आणली,
वळणावर एकानं शिवी हासडली.
भिंतही गुळगुळीत नाही, पोपडे आलेत,
एका सर्कशीचं अर्धं पोस्टर अजून चिकटून आहे.

वर रसिकभाई पेंटर, नवीन पाटी रंगवतायत.
गुजराती अक्षरं, डोक्यावर रेघ नाही.
आमची अक्षरं दोरीवरच्या धुण्यासारखी टांगलेली,
यांची आपापल्या पायांवर उभी.
पडत कुणीच नाही.

सवयीनं मी शिडीला जगापासून तोडते.
भिंत पुसायची, तिच्या जागी एक बाण.
रस्ता पुसायचा, दोन बाण: एक उभा, एक आडवा.
रसिकभाईंना पुसायचं,
ब्रश, विडी, चष्म्याची दोरी सगळ्यासकट,
खाली जाणारा एक बाण उरतो,
सहाशे शहाऐंशी न्यूटन.
ज्यानं ज्यानं धरलंय त्याला काढून टाकायचं
आणि त्याचं धरणं तेवढं ठेवायचं.
वीस वर्षं शिकवतेय,
अजून हे वाक्य मी
फळ्याकडे तोंड करून म्हणते.

पण सगळ्यात खालच्या पायरीवर एक पोरगा उभा आहे.
तो प्रश्नात दिलेला नाही.
एका हातात मोबाइल, दुसरा खिशात,
दोन्ही पाय बांबूवर.
पायथ्याभोवती आघूर्ण घ्या: त्याला भुजाच नाही.
तो काही फिरवत नाही, काही उचलत नाही.
फक्त त्याच्या असण्यानं
जमीन थोडी जास्त धरायला तयार होते.

"चा लई आव," वरून आवाज.
पोरगा उतरून निघतो.
आणि रसिकभाई, वर न पाहता, खाली न पाहता,
एक, दोन, तीन पायऱ्या खाली येतात
आणि थांबतात.
ब्रशातून हिरवा थेंब रस्त्यावर.
अर्धवट अक्षराकडे ते बघत राहतात,
जसं कुणी बंद फाटकाकडे बघतं,
घाई नसल्यासारखं.

मी पायऱ्या मोजते.
ते नवव्या पायरीवर आहेत.
म्हणजे मघाशी होते...

पेपर पुन्हा ओढते.
उर्विशच्या आकृतीत, शिडीच्या पायथ्याशी,
मघाशी डाग समजून सोडलेलं काहीतरी:
एक छोटं पाऊल, चप्पल घातलेलं,
आणि खाली जाणारा बाण, नाव नसलेला.
उत्तरपत्रिकेतल्या उत्तरापेक्षा त्याचं उत्तर मोठं आहे.
मोठं असायलाच हवं.

बारा पायऱ्या? विचारायला हवं.
योगायोगही असेल. मोहित्यांचा मुलगा
नकलाही करतो, मला माहीत आहे.

नियमानं शून्य.
मी साडेतीन देते, मग खोडून तीन करते,
लाल गोल तसाच ठेवते: एकक?
आणि त्या पावलाशेजारी, बारीक अक्षरात:
हा कोण? याचं वजन लिही.

खाली पोरगा दोन कप घेऊन येतोय,
एक हिंदकळू न देता.